तळाची मूठ

९ जानेवारी

लिहीन लिहीन म्हणत आठवडा घालवला. डायरी ज्ञानदेवच्या कंपनीची आहे, कव्हरवर सोनेरी गिअर, आत दर महिन्याला सुरक्षेचं एक वचन. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून मला दिली. म्हणाला की सन्या, तू दर सहा महिन्यांनी गाव बदलतोस, कुठं कुठं होतास ते लिहून ठेव, पुढंमागं पोलिसांना सोपं जाईल. रोज उघडायचो, पेन शोधायचो आणि पेन सापडेपर्यंत दुसरंच काहीतरी निघायचं. काल पलंगाखाली काकूंचा कॅरम सापडला, मग संध्याकाळपर्यंत एकटाच दोन्हीकडून खेळत बसलो. म्हणून पहिली पानं कोरी.

तर सध्या मुक्काम पिंपळे सौदागर. सातवा मजला, गीझर, गॅलरीला कबुतरांची जाळी, आणि सबंध घरात मी एकटा. याआधी चाकणला ज्ञानदेवच्या खोलीवर होतो. तिथं आम्ही सहाजण तीन गाद्यांवर, पहिल्या शिफ्टचा उठला की दुसऱ्या शिफ्टचा त्याच उबेत झोपायचा. खाली मार्केटला जाणारे कांद्याचे ट्रक, उशीत पण कांद्याची टरफलं. घरमालक रोज मला बघून विचारायचा की हे पाहुणे अजून आहेत का. आयटीआय अर्धवट सोडलेल्या माणसाला पाहुणाच म्हणतात सगळीकडे. मालवणला होडीवर होतो तेव्हाही म्हणायचे.

हे घर पद्माकाकूंचं. त्यांचे मिस्टर शरच्चंद्रकाका ज्ञानदेवच्याच कंपनीत साहेब होते, दोन वर्षांपूर्वी गेले. हॉलमध्ये फोटो आहे, चष्म्यातून असे बघतात की आपण पाय खाली घेतो. काकू मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला गेल्या, इराताईकडे. चार महिने तरी येत नाहीत. घर राखायचं आणि दोन मांजरांना खाऊ घालायचं, बस. इतकं सोपं काम मला आयुष्यात मिळालेलं नाही.

बोका मुनीम. पोट सुटलेलं, पाय आत घेऊन बसला की गादीवर बसलेला मुनीमच. मांजरी ठमी, ती बारकी आणि भोचक.

काकूंनी जाताना स्वयंपाकघरात उभं करून सगळं दाखवलं. कोरडं खाणं, म्हणजे ते तपकिरी दाणे, एका जुन्या पितळी डब्यात. डबा त्यांच्या सासूबाईंचा, पूर्वी तांदळाचा. घरात माणसं कमी झाली, तांदूळ किलोवर आला, तेव्हापासून मांजरांचा. बाकी सगळं त्या भराभरा बोलल्या, या डब्याबद्दल मात्र दोनदा सांगितलं. डबा पूर्ण संपवायचा नाही. तळाला मूठभर उरलं की नवीन पाकीट त्यावर ओतायचं. तळ दिसता कामा नये, आणि डबा पालथा तर कधीच घालायचा नाही.

त्यात काय विशेष, आमच्या गावाकडंही ज्वारीच्या डब्यात मूठ ठेवतातच. डबा खडखडला की घर खडखडतं म्हणतात. मी म्हणालो की काकू, निवांत जावा.

११ जानेवारी

मांजरांचं बरं असतं. सकाळी दाणे, संध्याकाळी मऊ खाण्याचं एक पाकीट दोघांत अर्धं अर्धं. मऊ खाणं म्हणजे रश्शातली मासळी. पहिल्या दिवशी भात घेऊन बसावं असं वाटलं होतं मला, खोटं कशाला बोला.

पण दाण्यांचं काहीतरी बिनसलंय. आज सकाळी वाटी ठेवली. मुनीम आला, वास घेतला, मागं सरला आणि वाटीशेजारी फरशी खरवडायला लागला. एका पंजानं, सावकाश. माती ओढून झाकावं तसं. फरशीवर कुठली माती, तरी वाटीच्या चारी बाजूंनी फिरून त्यानं ती नसलेली माती ओढली आणि निघून गेला. मग ठमी आली. तिनंही तेच. मी हसून हसून पडलो, व्हिडिओ काढून ज्ञानदेवला पाठवला. त्याचं उत्तर आलं की तुझा स्वयंपाक आम्हीही असाच झाकायचो.

मग डब्यात हात घातला. वरचे दाणे मी परवाच ओतलेत, नवीन पाकिटातले. तरी सादळलेले, दाबले की कुटकन मोडायच्या ऐवजी दबतात. वास गेल्या दिवाळीच्या चिवड्यातले दाणे नाकाशी धरावेत तसा. खवट.

उद्या कासारवाडीला जातो. काकू ज्या दुकानातून आणतात त्या कामरानभाईंचं कार्ड फ्रिजवर चिकटवलंय.

१२ जानेवारी

कामरानभाई एक नंबर माणूस. स्टेशनच्या बाहेर छोटं दुकान, दारात पोपटाचे पिंजरे, आत पोत्यांची थप्पी. पोपट मला बघून शिव्या देतो की काय असं वाटलं, पण तो फक्त गाड्यांच्या अनाउन्समेंटची नक्कल करतो. त्याच्यातच माझा अर्धा तास गेला.

मी पिशवीतून दाणे नेले होते. भाईंनी दोन बोटांत घेतले, वास घेतला आणि मला म्हणाले की हे तू मांजराला दिलंस? तू खाशील का? मी म्हणालो की भूक लागली तर खाईन. त्यावर त्यांची बायको सलिमाभाभी आतून म्हणाली की याला पण एक पाकीट द्या.

मग त्यांनी मला बसवून शिकवलं. दाण्याला तेल असतं, ते हवा आणि ऊब लागली की खवट होतं. म्हणून पाकीट उघडलं की हवा दाबून काढायची, तोंड गुंडाळून चिमटा लावायचा आणि पाकिटासकट डब्यात ठेवायचं, सुटं ओतायचं नाही. शेगडीजवळ नको, फ्रिजमध्येही नको, तिथं पाणी धरतं. मऊ खाण्याचं उलट, उघडलं की झाकून फ्रिजात आणि दोन दिवसांत संपवायचं. पाकीट फुगलेलं दिसलं तर उघडून वास घ्यायची पण गरज नाही, सरळ फेकायचं. दाण्यांना पांढरी जाळी, धुरकट रंग, बोटाला चिकट तेल, यातलं काहीही दिसलं तर मोह धरायचा नाही. आणि एवढं करूनही कळलं नाही तर मांजराकडं बघायचं. मांजर आधी ओळखतं. खराब असेल ते झाकतं.

मी काकूंच्या मुठीचं सांगितलं. भाई कपाळाला हात लावून म्हणाले की अरे बाबा, तोच तर घोळ आहे. तांदळाला चालतं, याला नाही. तळाची जुनी मूठ म्हणजे विरजण. त्यावर रोज अमृत ओतलंस तरी तेच होणार. जुन्यावर नवं ओतायचं नाही, कधीच. डबा रिकामा कर, गरम पाण्यानं घास, उन्हात वाळव, मग भर.

पटलं. नवीन पाकीट घेऊन आलो. येताना स्टेशनवर वडापाव खाल्ला आणि चुकून लोणावळ्याकडच्या गाडीत बसलो, देहूरोडला उतरून परत आलो. ते राहू दे.

१३ जानेवारी

आज भोगी. समोरच्या फ्लॅटमधल्या सलोनी मॅडमनी बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी दिली. मी त्यांना ओळखतही नव्हतो, चांगली माणसं आहेत.

दुपारी डबा घेतला. वरचे दाणे कचऱ्याच्या पिशवीत ओतले. तळाची मूठ निघेना. पालथा करून थोपटलं तरी ढेप तळाला धरून. चमच्यानं नाही, उलथन्यानं नाही. शेवटी हात घातला कोपरापर्यंत आणि बोटांनी खरवडून काढली.

वरच्या बाजूला मांजराचे दाणे, त्याखाली तांदूळ, पिवळे पडलेले, त्याखाली आणखी कसलीतरी कणी, काळी, ओळखू न येणारी. सगळं एकमेकांना धरून. आणि ढेप कोमट होती. थंडीचे दिवस, पितळी डबा हाताला गार लागत होता आणि ही आतून कोमट, ताज्या शेणात हात घातल्यासारखी. मी थोडा वेळ तशीच तळहातावर धरून बघत बसलो. का ते माहीत नाही. मुठीत बरोबर मावत होती.

मुनीम आणि ठमी दोघं दारात बसून बघत होते.

मग पिशवीत टाकली, गाठ मारली, कचरेवाल्या मावशी आल्या त्यांच्या हवाली केली. डबा चिंचेनं घासला, असा चमकतोय की तोंड दिसतं. गॅलरीत उन्हाला ठेवलाय. हाताचा वास मात्र जात नाही, साबण, लिंबू, राखुंडी सगळं लावून झालं. कांदा चिरल्यावर राहतो तसा राहील एक-दोन दिवस.

स्वतःवर खूश आहे. एखादं काम नीट केलं असं मला फार कमी वेळा वाटतं.

१५ जानेवारी

काल संक्रांतीला नवीन पाकीट फोडलं, भाईंनी सांगितलं तसं, चिमटा लावून. दाणे कुरकुरीत होते, वास चांगला. मांजरांनी खाल्ले नाहीत. वाटीभोवती खरवडलं. मला राग आला, म्हटलं लाडावलेत. आज सकाळी चिमटा काढला तर खवट. एका दिवसात. आतून पाकिटाला घाम आल्यासारखं.

मऊ खाण्याची पाकिटं कपाटात होती, ठमी दुपारभर कपाटाखालची फरशी ओढत होती. संध्याकाळी उघडलं तर सगळी फुगलेली. टम्म, उशीसारखी.

दुधाची पिशवी सकाळी घेतली, फ्रिजात ठेवली, दुपारी ओट्यावर काढली. मुनीम उडी मारून वर आला, पिशवीशेजारी एक पंजा फिरवला, उतरला. तापवायला ठेवलं तर दूध फाटलं.

फ्रिज बिघडला असेल. पण कपाटाचा फ्रिजशी काय संबंध.

१६ जानेवारी

आज गुरुवार, चाकणला सुट्टी, म्हणून ज्ञानदेव आला. कंपनीची बस नव्हती म्हणून रिक्षा बदलत बदलत आला, वर कांद्याची गोणीच घेऊन, म्हणाला की मार्केटातून उचलली, तुझ्या सातव्या मजल्याला जरा चाकणचा वास येऊ दे. आम्ही एकाच गावचे, परांड्याजवळचे. पहिलीपासून एका बाकावर. तो शिकला, मी बाहेर बघत बसलो.

गीझरच्या पाण्यानं तासभर अंघोळ केली त्यानं. म्हणाला की भावा, हे सुख सोडून पळालास तर मी तुला शोधून मारीन. त्याच्या घोट्यावर पत्र्याचा ओरखडा होता, लाइनवर लागलेला, साधा, नखभर. मी हळद घेतली आणि बोटानं दाबून भरली. त्यानं हात झटकला, म्हणाला की हाताला काय वास मारतोय तुझ्या, डिझेलमध्ये हात घातलास का.

मग तो सोफ्यावर पाय पसरून बसला, मोबाइलवर मॅच. मुनीम आला. त्याच्या पायाचा वास घेतला. आणि खरवडायला लागला.

मी कपबशी घेऊन तिथंच उभा होतो. मुनीम सोफ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश गेला, फरशी ओढत. मग ठमी दुसऱ्या बाजूनं. ज्ञानदेव हसायला लागला, म्हणाला की बघ, तुझी मांजरं मला शिळा समजतात, आत्ता तर अंघोळ केली राव. त्यानं पायानं मुनीमला बाजूला सारलं. मुनीम परत आला. काम अर्धं राहिल्यासारखा परत आला.

मी हसलो नाही. त्याला लवकर जा म्हणालो, ट्रॅफिक लागेल. तो म्हणाला की कधी नव्हे ते शहाण्यासारखं बोललास.

गोणीतले कांदे आत्ता बघितले. वरून कोरडे, आतून पाणी.

१९ जानेवारी

ज्ञानदेवच्या खोलीवरच्या पोरानं फोन केला. परवापासून पाय सुजलाय, ताप आहे. सेफ्टी शूज काढताना बुटाबरोबर कातडी आली. चाकणच्या दवाखान्यातून मोठ्या दवाखान्यात हलवलं.

गेलो होतो. पाय गुडघ्यापर्यंत काळा. डॉक्टर म्हणतात जंतुसंसर्ग, असा वेगात गेलेला त्यांनी पाहिला नाही, गंजलेला पत्रा होता का विचारत होते. मी म्हणालो असेल. नर्सनं मास्क दिला. मास्कमधूनही तो वास येत होता. रक्ताचा नाही, पुवाचा नाही. जुन्या चिवड्याचा.

ज्ञानदेव शुद्धीवर होता. म्हणाला की सन्या, झाकलं होतं रे त्यांनी मला. आणि हसायला बघत होता.

मी त्याचा हात धरून बसलो होतो. का धरला.

२१ जानेवारी

ज्ञानदेव गेला.

गावाकडून त्याचा चुलता गाडी घेऊन आला. मला म्हणाला की चल, गाडीत जागा आहे. मी गेलो नाही. पाठ फिरवून उभा राहिलो.

आईचा फोन. तिला कुणीतरी सांगितलंय की सनी आला नाही. रडत होती आणि मला शिव्या देत होती की आरं, एका ताटात जेवलेलं पोरगं, खांदा द्यायला बी येत न्हाईस व्हय. मी फोन ठेवला.

२२ जानेवारी

काकूंना फोन केला. आधी मांजरांचं विचारलं त्यांनी. मग मी डब्याचं सांगितलं. त्यांनी मागं चालू असलेला टीव्ही बंद करायला सांगितला.

मग विचारलं की मूठ कशानं काढलीस. मी म्हणालो हातानं.

त्यांचा आवाज शिक्षिकेचा आहे, फळ्यावर लिहिल्यासारखं बोलतात. तसंच बोलल्या. की सासूबाईंनी सांगितलं होतं, ते तिथं बसलंय, बसू द्या. वर थोडं थोडं घालत राहिलं की तेवढ्यावर भागतं त्याचं, डब्याच्या बाहेर बघत नाही. आमच्या यांनाही पटलं नव्हतं. यांनीही एकदा स्वच्छतेच्या नावाखाली डबा पालथा केला. मी त्याच घटकेला कचऱ्यातून चिमट्यानं वेचून परत भरलं, दाणा न् दाणा. तरी यांच्या हाताला लागलं होतं थोडं. थोडंच. तेवढ्यानं महिन्यात गेले.

मी विचारलं की मग आता काय करू. त्या म्हणाल्या की त्याला तळ लागतो. डब्यातून उठवलंस तर ते दुसरा तळ धरतं. तू सबंध मूठ धरलीस ना रे.

मी परत विचारलं. त्या म्हणाल्या की घर तू ठेव. मांजरं पण. इराला मुलगी झाली आहे. आम्ही आता तिकडं येणार नाही आणि तू इकडं फोन करू नकोस.

नंतर लावला तर लागत नाही.

२४ जानेवारी

मोशीला गेलो, कचरा डेपोवर. काय वाटलं होतं मला, विचारलं की ती मूठ काढून देतील. डोंगर आहे. डोंगरावर गाड्या चढतात आणि ओततात, जुन्यावर नवं. घारी फिरत होत्या. गेटवरच्या माणसानं विचारलं काय हरवलं. सांगता येईना. सोनं का, म्हणाला. मी हो म्हणालो. तो म्हणाला की मग विसरा.

येताना कासारवाडीला उतरलो. परवा, काकूंना फोन करायच्या आधी, भाईंकडून ताजं पाकीट घ्यायला आलो होतो तेव्हा पोत्यात हात घातला होता मी, दाणे बघायला. तेवढाच. आज शटर अर्धं खाली. भाई बाहेर पायरीवर बसलेले, आत सलिमाभाभी नाकाला ओढणी लावून पोती ओढत होत्या. सगळा माल. एका रात्रीत. पोपट पिंजऱ्याच्या तळाला आडवे.

भाईंनी वर बघितलं. नेहमीसारखं बोलले नाहीत. म्हणाले की तू आलास की काय होतं रे. आणि उठायला लागले, माझ्या खांद्यावर हात ठेवायला, समजूत काढायलाच बहुतेक.

मी पळालो.

त्यानं धरलेला तळ घर नाही. फ्रिज नाही. डबा तर मी घासून ठेवलाय, अजून चमकतो.

तळ मी आहे. येईल ते माझ्यावर ओतलं जातंय.

२७ जानेवारी

बाहेर जात नाही. कुणाला हात लावत नाही. सामान ॲपवरून मागवतो, दाराबाहेर ठेव म्हणतो, पोरगं लिफ्टमध्ये गेलं की उघडतो. बिस्किटं आणली, संध्याकाळी मऊ. तांदळात जाळं. नळाचं पाणीसुद्धा तांब्यात राहिलं की बुळबुळीत.

मांजरं माझ्या हातचं काही खात नाहीत. गॅलरीच्या जाळीला भोक पाडलंय, कबुतरं धरतात. जिवंत असेपर्यंत ताजं असतं.

माझ्याभोवती मात्र कधी खरवडत नाहीत. रोज वाट बघतो. पायाशी येतात, वास घेतात, बसतात. दोघं. डब्याशेजारी बसायचे तसे.

सलोनी मॅडमनी सोसायटीच्या ग्रुपवर टाकलंय की सातव्या मजल्यावर कुबट वास येतो. मला कसलाच वास येत नाही.

३० जानेवारी

डॉक्टरकडं जावं का — जाऊन काय सांगू, आणि तो नाडी बघणार. हातमोजे घातले तरी — गोणी होती की मध्ये, कांद्यांना मी हात कुठं लावला होता.

कुठंतरी लांब जावं. मी सगळीकडून निघूनच आलोय आजवर, एवढंच मला येतं. पण बस म्हणजे चाळीस माणसं. स्टेशन म्हणजे —

कपाटात ती फुगलेली पाकिटं राहिली होती. दुपारी एक फोडलं. फेकायलाच. मग बोट चाटलं.

चांगलं लागलं.

१ फेब्रुवारी

सगळं खाल्लं. खवट दाणेसुद्धा. भूक भागते, वर थोडं थोडं घातलं की — काकू म्हणाल्या होत्या तसंच. त्याचं भागतं.

मला काही दुखत नाही. कुठंच काही काळं नाही. ते मला धरून ठेवणार. ताजा ठेवणार. म्हणजे किती वर्षं ते —

आईचे फोन येतात. उचलत नाही. आवाजातून काही जात नसेल, पण उचलला की ती म्हणेल ये, आणि मी जाईन. मला माहीत आहे मी जाईन.

गॅलरीतून खाली बघितलं. उडी मारली तरी उचलायला माणसं येतील. हातांनी उचलतील.

२ फेब्रुवारी

आज गावाला ज्ञानदेवचं तेरावं.

दार आतून लावलं. कपाट ओढून लावायचा विचार — जड आहे, एकट्याला — उद्या. आईला मेसेज केला, मी दुबईला चाललो, नोकरी लागली, वर्षभर फोन लागणार नाही. ती वाचायला शेजारच्या पोरीकडं जाईल. रडेल. रडू दे. रडेल आणि राहील.

३ फेब्रुवारी

सोसायटीच्या गेटच्या ॲपवर फोटो आला. गेटवर पाहुणे, परवानगी द्या. मला वाटलं सामान. फोटोत आई.

कॅमेरा कुठं आहे ते तिला कळलं नाही, खाली बघतीये. डोक्यावर पदर, काखेत पिशवी. काल तेराव्याला ज्ञानदेवच्या घरी बसली असणार आणि तिथूनच पत्ता घेऊन एसटीत — मेसेज कुणी वाचलाच नाही तिला —

नकार दाबला. दोनदा दाबला.

इंटरकॉम वाजला. गेटवरचे चिमाजीमामा, इथल्याच जुन्या गावातले, म्हाताऱ्या माणसांना उन्हात उभं ठेवत नाहीत. म्हणाले की बटन चुकलं व्हय बाळा, सोजराबाई म्हणत्यात आमी सनीची आई हाय. मी ओरडलो की ती माझी आई नाही, पाठवू नका. ते हळू म्हणाले की दोस्त गेला तुझा, समजतंय आमाला, पर आईला न्हाई म्हणायचं नसतं. मी सोताच घिऊन येतो वर.

लिफ्ट — आवाज येतोय —

ओरडतोय मी की जा. आतून. ती दारावर थापट्या मारतीये. म्हणतीये की काय कोंडून घेतलंस लेकरा, काय खाल्लंस का. दाराला नुसता हात लावलाय तिनं, बाहेरून, बाहेरून काही होत नाही, मध्ये लाकूड आहे, लाकूड —

मुनीम उठला.

ठमी उठली. दोघं दाराशी गेले. उंबऱ्याच्या फटीला नाक लावलं.

नको. मुनीम नको. ये इकडं. ये —

खरवडतायत. या टोकापासून त्या टोकापर्यंत. सावकाश.

कडी. कडी लावायची राहिली, नुसतं लॅच ओढलंय काल. उठून लावायला हवी. पण दाराशी गेलो की तिच्या अजून जवळ — चिमाजीमामा म्हणतायत की रडू नका बाई, पद्माताईंची दुसरी किल्ली असती माझ्याकडं, आत्ता उघडतो बघा आणि —